ओढ्यानं दिलेलं नाव

आमच्या घराखाली काटेरी झुडपांतून एक अरुंद ओढा वाहतो. अशा ओढ्याला आमच्याकडे गिल म्हणतात, आणि काटा म्हणजे थॉर्न. म्हणून जागा थॉर्नगिल, आणि जागेवरून आम्ही. सहाशे वर्षांपूर्वी आमचा कुणी पूर्वज होता, त्याला लोक ‘थॉर्नगिलचा जॉन’ म्हणत. पुढं बोलता बोलता ‘चा’ गळून पडला आणि आडनाव उरलं. वडील हे सगळं मेंढरं घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यालाही ऐकवायचे, आणि तो बिचारा सौदा होईपर्यंत मान डोलवायचा.

माझा एकुलता एक भाऊ किट फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला. तार आली तेव्हा वडील अंगणातच खाली बसले आणि म्हणाले, “संपलं आमचं नाव.” मी दुधाच्या बादल्या घेऊन समोर उभी होते. किटसाठी माझंही काळीज तुटत होतं, पण त्यांचं ते वाक्य मला वेगळंच लागलं.

लढाई संपल्यावर विल्फ पोर्चनं मला मागणी घातली. विल्फ शेतांचे दगडी गडगे रचायचा. त्याचा आजा तान्हा असताना चर्चच्या पोर्चमध्ये टाकलेला सापडला होता. आईबापांचा पत्ता नाही, मग गावानं त्याला तेच आडनाव लावून टाकलं. वडिलांना हे ठाऊक होतंच.

“आमचं नाव मातीतून उगवलं, तुझं पायरीवर सापडलं,” ते विल्फला म्हणाले. “सोडलंस तर काय मोठं जातंय तुझं? थॉर्नगिल हो, ही शेतीवाडी तुझी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विल्फ मात्र हसला. असले टोमणे ऐकतच तो मोठा झाला होता. जेवायला हाक मारलीत की झालं, नाव कुठलंही चालेल, असं म्हणून त्यानं कबूल केलं. त्या दिवशी वडिलांनी किट गेल्यापासून पहिल्यांदा, आमच्याकडं आवडीनं खातात तसा, केकबरोबर चीजचा तुकडा मागून घेतला.

त्याच महिन्यात गावच्या चौकात लढाईत गेलेल्यांच्या आठवणीचा दगडी क्रूस उभा राहिला. त्यावर विल्फच्या धाकट्या भावाचं, सेथ पोर्चचं नाव होतं आणि लगेच खाली किटचं. विल्फची आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. सोड्यानं फाटलेला हात तिनं सेथच्या नावावर ठेवला आणि सगळे पांगले तरी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी विल्फ टोपी हातात घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला.

“मला नाही जमायचं, मालक. मी थॉर्नगिल झालो तर आईमागं त्या दगडापाशी सेथच्या नावाचं कोण उरलं?”

“आणि माझ्या किटच्या नावाचं?” वडिलांनी विचारलं.

विल्फनं मान खाली घातली. लग्न करायचं तर करा, माझ्यामागं वाडी विकली जाईल, असं वडील म्हणाले. माझं डोकं फिरलं. किट फौजेत गेल्यापासून बर्फात अडलेल्या मेंढ्या सोडवत होते ती मी, गवत कापत होते ती मी.

“बाबा, मीसुद्धा थॉर्नगिलच आहे की!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“आहेस, पोरी. लग्नापर्यंत.”

ते रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. आठवडाभर मी विल्फला भेटले नाही. मला वडील आणि विल्फ, दोघांपैकी एकालाही सोडवत नव्हतं, आणि मला काय हवंय हे त्या दोघांपैकी कुणी विचारत नव्हतं. शेवटी मीच उठून विल्फकडं गेले आणि वाडी गेली तर जाऊ दे, मी पोर्च होईन, असं सांगून आले.

वसंतात लग्न झालं. वडील चर्चपर्यंत माझा हात धरून आले. विधी आटोपल्यावर पाद्रीबाबांनी आम्हाला आतल्या खोलीत सह्या करायला नेलं. आमच्यात नवरी लग्नाच्या नोंदवहीत माहेरचं नाव लिहिते, ते शेवटचंच. विल्फनं सही करून लेखणी माझ्या हाती दिली. मी घाईनं वाकले, तेवढ्यात वडील पाठीशी येऊन उभे राहिले.

“सावकाश लिही, एस्थर,” ते म्हणाले. “नीट लिही.”

मी एकेक अक्षर सावकाश काढलं. संपू नये असं वाटत होतं, पण नाव ते केवढंसं.