तामणाला दिलेला ताण

"ही गोष्ट तुम्हांला पटायची न्हाई, सिद्धरामजी. पटली तर मीच म्हणंन, पावण्यात कायतरी कमी हाय," असं म्हणून महादेवप्पांनी मांडी बदलली आणि खिडकीबाहेर बोट केलं.

अंगणात तामणाचं झाड उभं होतं. दीड पुरुष उंच, आणि जांभळ्या फुलांनी असं लगडलेलं की पान हुडकावं लागावं. लातूरच्या त्या कॉलनीत नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, लोक तुळशीलासुद्धा हात आखडून घालायचे. तिथं असलं झाड म्हणजे दारात हत्ती बांधल्यासारखंच.

सिद्धराम उदगीरहून आपल्या मुलीला, सृष्टीला, घेऊन घर बघायला आले होते. महादेवप्पांच्या वीरेशचं हे दुसरं लग्न. याआधी दोन ठिकाणची माणसं अशीच येऊन पोहे खाऊन गेली, चाकूरला चौकशी केली आणि फोन उचलायचे बंद झाले. चाकूर हे पहिल्या सुनेचं, दामिनीचं माहेर. ही तिसरी सोयरीक हातची गेली तर वीरेश असाच राहणार, हे महादेवप्पांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून पाहुणे टेकल्या टेकल्या त्यांनी झाड पुढं केलं. तीस वर्षं आडतीवर तुरीचे ढीग दाखवण्यात गेलेली. ढिगाची कुठली बाजू गिऱ्हाइकापुढं करायची, हे त्यांना शिकवायला नको होतं.

"लावून तीन वर्षं झाली, कळी म्हणून न्हाई. मग म्हणलं, ताण द्यावा. मोसंबीवाले देत न्हाईत का? पाणी तोडायचं. झाड भेतंय अन् फुलतंय. ड्रमाला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला. ऐन उन्हाळ्यात चाळीस दिवस!"

"अन् जगलं?"

"जगलं? अवो, चिडलं! दहाव्या दिवशी खिडकीतून फांदी आत घातली अन् माझ्या हातातला चहा पिऊन टाकला. बशीसकट वढून नेला."

"बशी दिली का माघारी?"

"दिली की. पण खरकटी. धुवायला पाणी कुठलं?"

सिद्धराम खो खो हसले. सृष्टी हसली नाही. तिचा कप तसाच होता, साय धरलेला.

"विसाव्या दिवशी तर कहर. मुळं भिंतीखालून शेजाऱ्याच्या हौदात. हौद ठणठणीत! त्यातलं कासव तक्रार घेऊन माझ्या दारात."

विसाव्या दिवसाचं खरं महादेवप्पांना नीट आठवत होतं. झाडाचं रोप दामिनीनंच माहेराहून आणलेलं. त्यांची बायको गौरम्मा म्हणाली होती, "हिच्या माहेरचं झाड, हिच्यावानीच वांझ. दोघींलाबी संगंच ताण द्या." त्यांनी दिला. सुनेला सकाळी एक तांब्या, त्यात दिवस काढायचा. आणि ती खुळी त्यातलंच अर्धं झाडाच्या बुडाशी ओतायची. महादेवप्पांनी ते बघितलं, बघून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून तांब्याच्या जागी फुलपात्र ठेवलं.

"अप्पा," सृष्टी म्हणाली, "ड्रमाला कुलूप होतं, तर घरातली माणसं काय पीत होती?"

"आमचं काय, आमचा माठ वायला होता."

"अन् वहिनी? पहिल्या?"

"ती? तिला पाहिजे तेवढं! तिच्यापायी कधी हात आखडला न्हाई आम्ही."

गौरम्मा स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली. नवी सून घरात यायच्या आधीच तिला घराची रीत कळलेली बरी, असं तिचं मत.

"पाहिजे तेवढं कशापायी? सकाळी एक फुलपात्र. सुनंला लाडावून ठेवायची पद्धत न्हाई आमच्यात."

सिद्धरामांचं हसू मिशीतच राहिलं. वीरेश मोबाईलमध्ये आणखी वाकला. महादेवप्पांनी घाईनं गोष्टीचा लगाम खेचला. आतापर्यंत त्यांच्या अनुभवात एक लहान अडचण एका मोठ्या थापेखाली आरामात झाकली जायची.

"हिचं काय ऐकता! चाळिसाव्या दिवशी काय झालं, ते ऐका. झाड फुललं. दामिनीनं एक तुरा केसात माळला, बॅग उचलली, म्हणली, 'मामंजी, माझं मन लागंना हितं.' मी म्हणलं, रिक्षा बोलावतो. न्हाईच म्हणली. ताठ मानेनं, स्वतःच्या पायानं गेटाबाहेर गेली. अन् झाडानं काय करावं? चाकूरपर्यंत तिच्या डोक्यावर फांदी धरली! तिथवर रस्ता नुसता जांभळा!"

चाळिसाव्या दिवशी दामिनी झाडाच्या बुडाशी पडलेली सापडली होती. वीरेशनं आणि गौरम्मानं चादरीत घालून रिक्षात टाकली. दवाखान्यात कळलं, तिला दिवस गेले होते, दुसरा महिना होता, आणि आता काही उरलं नव्हतं. तिचा भाऊ दवाखान्यातूनच तिला घेऊन गेला. संध्याकाळी गौरम्मानं चादर धुतली आणि पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ते लाल पाणी झाडाला ओतलं. ताणानंतरचं पहिलं पाणी. पंधरा दिवसांत कळ्या आल्या.

"चाकूरपर्यंत!" महादेवप्पांनी पुन्हा म्हटलं आणि सिद्धरामांच्या हसण्याची वाट बघितली.

सृष्टी उठून उभी राहिली होती.

"बस, पोरी," सिद्धराम म्हणाले, पण ते स्वतःही उठतच होते.

"अप्पा, झाडानं चहा पिला, मान्य. कासव आलं, तेबी मान्य. चाकूरपर्यंत फांदी गेली म्हणता, जाऊ द्या. पण उन्हाळ्यात फुलपात्रभर पाण्यावर ठेवलेली बाई गेटापर्यंत चालत जात नसते. ती स्वतःच्या पायानं गेली न्हाई. खोटं बोलायलात तुम्ही."