डाव्या खांद्याचा कौल

मिलिंदच्या इंग्लंडमधल्या, ब्रॅकनेलच्या घरात त्या शनिवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. दाराशी बुटांचा ढीग, किचनमधून शिऱ्याचा वास, आणि लाउंजमधल्या क्रीम कार्पेटवर आयटीतली सगळी हुशार डोकी मांडी घालून बसलेली. समोर चौरंगावर पितळेची देवी. तिच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं चिकटवलेली शेवंतीची एकेक पाकळी. शेजारी भगव्या शालीत दीनानाथ महाराज, मागे घंटा घेऊन त्यांचा शिष्य. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कोकणात याला कौल लावणं म्हणतात. तिथे देवळात लोक तासन् तास वाट बघत बसतात. महाराजांची देवी मात्र बहुधा ब्रॉडबँडवर होती, विचारलं की मिनिटाच्या आत उत्तर!

“बा देवी म्हाराजा!” महाराज गरजले. “सातासमुद्रापलीकडे ही तुझी लेकरां थंडीत कुडकुडतत. कोणाचो व्हिसा अडकलो आसात तर तो सोडव!”

“होय म्हाराजा!”

“कोणाच्या बॉसाची वाकडी नजर आसात तर ती सरळ कर!”

“होय म्हाराजा!” परफॉर्मन्स रिव्ह्यू तोंडावर आलेले चौघे जरा जास्तच मोठ्यानं ओरडले.

मी मागे सोफ्याला टेकून हसू दाबत होते. तेवढ्यात मीनाक्षी पुढे सरकली आणि माझं हसू पळालं. मीनाक्षी म्हणजे मिलिंदची बायको, माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिच्या छातीत गाठ निघाली होती, तपासणीत ती वाईटच ठरली होती, आणि मंगळवारी ऑपरेशन होतं.

“आई, करू का ऑपरेशन?” तिनं हात जोडून विचारलं.

शिष्यानं घंटा घणघणवली. महाराजांनी डोळे मिटले. डावी पाकळी टुणकन उडाली आणि खाली पडली.

“आई नको म्हणते,” महाराज हळहळले. “शस्त्र लावून घेऊ नकोस. सहा महिने माझा अंगारा पोटात जाऊ दे. गाठ विरघळून जाईल.”

मीनाक्षीच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. तेच मला भयंकर वाटलं. मी तिला किचनमध्ये गाठलं.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“देविका, तू काहीच मानत नाहीस. मला नाही जमत तसं. आमच्याकडे लग्नसुद्धा कौल घेतल्याशिवाय ठरत नाही. सोमवारी फोन करून कॅन्सल करते.”

“आणि मिलिंद काय म्हणतो?”

“म्हणतो, तुझी इच्छा.”

शाबास! ऑफिसात सर्व्हर जरा हळू चालला तर रात्र रात्र न झोपणारा माणूस हा!

घरी आले ती तडक गॅरेजमध्ये गेले. मी नाशिकची मेकॅनिकल इंजिनियर. दर ऑक्टोबरात मुलीच्या शाळेच्या हॅलोवीनसाठी हवेवर चालणारी भुतं बनवते. त्या वर्षी शवपेटीतून उठणारा सांगाडा होता, मुलांनी त्याचं नाव केविन ठेवलेलं. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, जुन्या वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह आणि उलटा जोडलेला सायकलचा पंप. हवा सोडली की पंपाचा दांडा बाहेर येतो आणि केविन ताडकन उठून बसतो. मी रागारागानं बटण दाबलं. फुस्स! केविन उठला. नळीच्या जोडापाशी हवा जरा गळत होती. तिथे पडलेलं वाळकं पान आधी वर उडालं आणि मग खाली आलं.

मी बघतच राहिले. अगं बाई, देवीची पाकळी तश्शीच पडली होती! ओली पाकळी सुटली तर घसरते, उडी मारत नाही. उडी मारायला खालून हवा लागते. आणि ती घंटा? फुस्स ऐकू जाऊ नये म्हणून!

रविवारी महाराजांच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमाचा समारोप होता. मी हळदीचा डबा घेऊन हजर झाले.

“महाराज, देवीला भंडारा वाहू का?”

“वाहा की, वाहा!” नास्तिक बाई वठणीवर आली म्हणून स्वारी खूश.

मी दोन्ही खांद्यांवर मूठ मूठ हळद घातली, वर नव्या पाकळ्या ठेवल्या आणि मीनाक्षीला म्हटलं, “माझ्यासाठी एकदा परत विचार.”

तिनं विचारलं. घंटा सुरू झाली. महाराजांनी डोळे मिटून डावा गुडघा हळूच दाबला.

हळदीचा ढग उडाला तो थेट महाराजांच्या नाकात! “आक्छी!” शिंकेसरशी दोन्ही गुडघे आपटले आणि देवीच्या दोन्ही खांद्यांतून पिवळे फवारे निघाले. पुन्हा शिंक, पुन्हा फवारे. देवी एका दमात होही म्हणत होती आणि नाहीही. शिष्य घंटा वाजवायचीच विसरला, आणि फुस्स-फुस्स सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

महाराज नाक धरून उठले, तसं मी त्यांचं आसन उचललं. खाली ब्लडप्रेशर बघायच्या यंत्राचे दोन रबरी फुगे होते. त्यांच्या नळ्या चौरंगाच्या लाल कापडाखालून देवीच्या पाठीत आणि तिथून खांद्यांवरच्या बारीक भोकांपर्यंत गेलेल्या.

“हात लावू नका! देवीचा कोप होईल!” पिवळे महाराज किंचाळले.

“कोपाचं नंतर बघू, आधी नाक पुसा.”

मीनाक्षी उठून आली. एक हात तिनं देवीच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं फुगा दाबला. तळव्याला वारा लागला. तिनं परत दाबला.

“एवढंच?” ती म्हणाली. “एवढ्याशा वाऱ्यावर मी माझा जीव टांगला होता?” आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

मिलिंद तिच्याशेजारी त्या पिवळ्या कार्पेटवर बसला. “चुकलो गं. ते नको म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. मी फार घाबरलो होतो.”

“मीपण,” ती म्हणाली.

या गडबडीत महाराज मूर्ती सोडून मागच्या दारानं सटकले.

मंगळवारी मीच दोघांना हॉस्पिटलला नेलं. आत बोलावेपर्यंत मीनाक्षी माझा हात दाबत होती. “आता कौल नाही, काही नाही. काय होईल गं?”

“मला नाही माहीत. पण सर्जनच्या गुडघ्यांवर लक्ष ठेवते.”

ती हसली, रडता रडताच. पुढच्या हॅलोवीनला केविनला उठवायचं बटण तिनंच दाबलं आणि पोरांपेक्षा मोठ्यानं किंचाळली.

तेव्हा मंडळी, भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज कसली? रडा, मैत्रिणीला बोलवा, डॉक्टरला दहा प्रश्न विचारा. देवाला नमस्कार करा, माझी ना नाही. पण देवाच्या वतीनं कुणी माणूस बोलायला लागला, तर आधी त्याचं आसन उचलून बघा.