मुद्दल शाबूत

पतपेढीतल्या गुइदोने कागद काचेखालून पुढे सरकवला. साबिनोने तो चष्मा न लावताच मुलीच्या हातात दिला. आकडा त्याला ठाऊक होता. आठवड्यापूर्वी त्याचा धाकटा भाऊ जेरार्दो याच खिडकीतून एकोणीस हजार सहाशे सत्तावन्न युरो घेऊन गेला होता, आणि दोघांच्या ठेवी एकाच दिवशीच्या, एकाच रकमेच्या होत्या.

तीस वर्षांपूर्वी, १९८९च्या जानेवारीत, सुल्मोनात दोन्ही भावांच्या बाळांचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झाला होता. बेल्जियमच्या कोळसाखाणींत उमेदीची वर्षं घालवून परतलेल्या एवाझिओकाकाने दोन्ही पोरांच्या नावे पन्नास-पन्नास लाख लिरा ठेवले होते. मुदत तीस वर्षं, व्याज सात टक्के.

आन्येझेने कागद दोनदा वाचला.

"बाबा, इथे दोन हजार पाचशे ब्याऐंशी लिहिलंय."

"ते मुद्दल, लिराचे युरो झालेलं. खाली बघ."

"खाली काही नाही."

तिला अठरा हजार हवे होते, तेही दुपारच्या आत. साखरबदामाच्या ज्या कारखान्यात ती अकरा वर्षं राबत होती, तो म्हातारी पाल्मिरा तिला विकायला तयार होती. पैसे आले नाहीत, तर पेस्काराचा एक व्यापारी सही करायला टपलेलाच होता.

"गुइदो, तुझं काहीतरी चुकलंय," साबिनो म्हणाला. "मी मुद्दलाला कधी हात लावला नाही. साऱ्या गावाला विचार."

"मुद्दलाला नाही लावलात, साबिनोकाका. व्याज मात्र दर जानेवारीला नेलंत. सह्या दाखवू?"

एकवीस जानेवारीला संत आन्येझेचा, म्हणजे मुलीचं नाव जिच्यावरून ठेवलं तिचा दिवस. त्या दिवशी साबिनोकडे मुलीच्या नावाने पंचवीस पानं उठत. भाजलेलं कोकरू, वाइन, केक. व्याजात बरोबर भागायचं. प्याला उचलून साबिनो दरवर्षी सांगायचा, मुद्दल शाबूत आहे. जेरार्दोने मुलाच्या, क्विरीनोच्या, नावाचं जेवण एकदाही घातलं नाही. साबिनो त्याला भर पंगतीत चिक्कू म्हणायचा.

"वर्षाला साडेतीन लाख लिरा, म्हणजे एकशे ऐंशी युरो," गुइदो म्हणाला. "तीस वर्षांचे पाच हजार चारशे."

"मग मुद्दल धरून आठ हजार झाले. जेरार्दोचे एवढे कुठून आले?"

गुइदोने कागद उलटा केला आणि पेन घेतलं. "त्यांचं पहिल्या वर्षीचं व्याज आतच राहिलं. दुसऱ्या वर्षी त्या व्याजावरही व्याज पडलं. दहा वर्षांनी रक्कम जवळजवळ दुप्पट, वीस वर्षांनी चौपटीला आली, तिसाव्याला साडेसातपटीच्या वर. नुसत्या शेवटच्या वर्षाचं व्याज बाराशे शहाऐंशी. तुमचं तेव्हाही एकशे ऐंशीच."

"म्हणजे आम्ही साडेअकरा हजार खाल्ले?"

"ते कुणीच खाल्ले नाहीत, काका. ते जन्मालाच आले नाहीत."

"आणि जेरार्दोकाका मात्र दरवर्षी जेवायला हजर," आन्येझे म्हणाली.

"दोनदा वाढून घ्यायचा, लेकाचा!"

गुइदोला हसू आलं. त्याने ते गिळलं.

बाहेर पायऱ्यांवर साबिनो म्हणाला, "गाडी विकतो."

"गाडीचे चार हजार येतील, बाबा."

"जेरार्दोकडे मागतो."

"पैसे क्विरीनोचे आहेत. तो मिलानला घर घेतोय. आणि कोणत्या तोंडाने मागशील?"

आन्येझेने पाल्मिराला फोन लावला. "बाई, नाही जमलं."

"किती कमी पडतात?"

"साडेपंधरा हजार."

"मग त्या पेस्कारावाल्याला सही करू दे, पोरी. माझ्यासाठी तरी कोण थांबतंय?"

गाडीत बसल्यावर साबिनो म्हणाला, "जेवण नको, असं तू एकदा जरी म्हणाली असतीस..."

"पहिल्या जेवणाला मी सव्वा वर्षाची होते, बाबा."

कारखान्याच्या फाटकाशी ती उतरली. पाळी साडेनऊची होती, पाच मिनिटं उशीर झाला होता. तिने केस टोपीत खोचले. उद्यापासून मालक बदलणार होता. पगार तोच राहील का, ते पाल्मिराने सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.