गोलात उभी काठी

"माझे कप घासू नकोस गं बाई! नशीब धुऊन जातं," पोलिम्निया माझ्या कानाशी करवादली. तोवर मी एक घासलाही होता. कॉफीचं दुकान चालवणारीचा हात आपसूक चालतो.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोलिम्निया दर आठवड्याच्या बोटीने आमच्या बेटावर येई, टोपलीत स्वतःचे चोवीस कप घेऊन. उतरायची टेम्पोवाल्या फोटिसच्या घरी. आपण कॉफी प्यायची, कप बशीत उपडा घालायचा, की ती गाळातून भविष्य वाचणार. ती यायला लागल्यापासून गावात कुणाची चूकच होईना. पाव करपले, तर भट्टीवाला म्हणे, "लिहिलेलं होतं." फोटिसने टेम्पो माझ्या भिंतीवर घातला. तोही म्हणाला, "लिहिलेलं होतं, मावशी." भिंत मात्र मीच पुन्हा बांधली.

आज पाळी माझ्या भाचीची, कालिरोईची. तिला जहाजाच्या इंजिनखात्यात नोकरी लागली होती. दुपारच्या बोटीने निघायचं होतं. त्यातच फोटिसच्या घरून मागणी आलेली. आठ दिवस पोरगी कुणालाच उत्तर देईना. "कप सांगेल ते," एवढंच.

पोलिम्नियाने कप सुलटा केला, बुबुळं वर नेली. "दर्या दिसतोय... दर्यावर धुकं... अगं बाई, हे बघा!"

काळ्या गाळात पांढरं अक्षर: गोल, मधून उभी काठी. आमच्या ग्रीक लिपीतला 'फ'.

"फोटिस!" सगळे ओरडले. त्याच्या आईने छातीवर क्रूस काढला. फोटिस टोपी चुरगाळत बसला.

"बरं. मग हो," कालिरोई म्हणाली. दात उपटायला बसल्यासारखा आवाज.

माझी बोटं मघापासून चुळबुळत होती. मघाशी घासलेल्या त्या एका कपाच्या आत काहीतरी गुळगुळीत, पुसटसं लागलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं. मी कालिरोईचा कप उचलला, विसळला, पुन्हा कॉफी भरून पाद्रीबाबांपुढे ठेवला.

"घ्या, दुकानातर्फे."

फुकटची कॉफी ते सोडत नाहीत. कप उपडा, कप सुलटा. गोल, मधून उभी काठी!

"म्हणजे हे फोटिसशी लग्न करणार?" त्यांची बायको किंचाळली. "मग मी कुठे जाऊ?"

हशा ओसरल्यावर मी म्हटलं, "आत बोट फिरवा, बाबा."

"सगळीकडे खरखरीत," ते म्हणाले. "अक्षर तेवढं गुळगुळीत!"

"बिनरंगी गुळगुळीत लेप फक्त अक्षरालाच दिलाय. तिथून गाळ घसरतो, बाकी चिकटतो. आपली अक्षरं चोवीस, हिचे कप चोवीस. कोणता कुणापुढे ठेवायचा, तेवढंच नशीब."

पोलिम्निया टोपली आवळत म्हणाली, "मी तरी काय करणार? माझ्या हातून हे व्हायचं लिहिलेलंच होतं."

"मग तुला बोटीत बसवायचंही लिहिलेलंच," भट्टीवाला म्हणाला.

"सगळंच लिहिलेलं असेल ना," मी म्हटलं, "तर भिंत पाडणाऱ्याला बोल नको आणि बांधणारीला शाबासकी नको. आपण निवडतो, म्हणून तर चांगलं आणि वाईट असतं. जरा डोकं चालवा!"

"पोरीला फसवलं गं," कुणीतरी हळहळलं.

"पण 'हो' तर म्हणून झालंय ना?" फोटिसच्या आईने विचारलं. सगळे बशांकडे बघू लागले.

कालिरोई उठली. "कपाने नाही, 'हो' मीच म्हटलं. 'नाही' म्हणायची भीती वाटत होती, म्हणून ते कपाकडून म्हणवून घेणार होते. फोटिस, तू माणूस वाईट नाहीस. पण मला तू नको आहेस. मला जहाज हवंय."