मागच्या खोलीतली चिठ्ठी

टेलिफोनच्या बोर्डावरची पितळी झडप पडली – तेवीस नंबरची – आणि मनकर्णाच्या हाताने तिला न विचारताच दोरी उचलून भोकात खुपसली. "नंबर?" तोंडानेही आपलं आपण विचारलं. भिंगारच्या एक्सचेंजात सात वर्षं काढल्यावर हात आणि तोंड असे तयार झाले होते, की बाकीची मनकर्णा खुशाल कुठेही हिंडून यायची… आत्ता ती मिरजगावला होती, धाकट्या बहिणीच्या, चांगुणाच्या खाटेपाशी. नववा महिना सरत आलेला, पाय सुजलेले. रविवारी जायचंच, काही झालं तरी.

न लागणाऱ्या लाइनपाशी बोर्डवालीने थांबायचं नाही, हा इथला कायदा. चिठ्ठी लिहायची आणि खिडकीतून मागच्या खोलीत सरकवायची. तिथे रोशनबी कानाला रिसीव्हर लावून तासन्‌तास एकाच नंबरामागे बसे, पुढचा बोर्ड चालू राही. एकासाठी सगळ्यांना का अडवायचं? पहिल्या वर्षी हे मनकर्णाला फार निर्दय वाटलं होतं… मग नावं ऐकू येईनाशी झाली, नुसते नंबर उरले, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

सकाळीही तिने एक चिठ्ठी अशीच सरकवली होती. "दवाखान्याची गाडी पायजे, लई अर्जंट हाय" – खरखरीतून आलेला कुणाचा तरी घोगरा आवाज.

साडेअकराला रोशनबी खुर्ची सोडून स्वतः पुढे आली.

"दवाखाना लागतच नाही. आत्ता मच्छिंद्र लाइनमनला सायकलवर तिकडे दवाखान्यात धाडलंय. गाडीसाठीचा तो मिरजगावचा कॉल गं… भिमाजी. चांगुणाचा नवरा ना तो?"

"आपा! मग मला तेव्हाच का नाही–"

"सांगितलं की. दहा वाजता, खिडकीतून, नाव घेऊन. तू म्हणालीस, थांबायला सांगा."

दीड तास. दवाखाना इथून चालत दहा मिनिटांवर. मनकर्णाने तो क्षण आठवून पाहिला, आपला आवाज आठवून पाहिला… काहीच सापडेना. दहा वाजता आपण होतो तरी कुठे? – तिथेच. चांगुणाच्या खाटेपाशी, तिचे पाय चेपत.

झडप पडली. मग दुसरी. हात दोरीकडे गेला, आणि पहिल्यांदाच तिला तो आपला हात वाटला, जड, घामेजलेला.

"हॅलो… बाई, थांबू का?" पलीकडून कुणीतरी विचारत होतं.

"नका थांबू," ती म्हणाली. "नका हो थांबू."