अध्यक्षांचा दोर

जव्हारच्या कडेकपारी मंडळाची एक रीत होती. सभेत जो सूचना मांडेल, त्याच्याच गळ्यात ते काम पडायचं. चहा पांचट झाला म्हणालात? पुढच्या रविवारी स्टोव्ह तुमच्याकडे. बॅनर फाटलंय म्हणालात? घरी न्या, शिवून आणा. गंमत म्हणून सुरू झालेली रीत, पण तिच्यापायी सभेत कुणी तोंडच उघडेना. सगळी नोकरदार माणसं. आठवडाभर टेबलाशी मान मोडायची आणि रविवारी दोराने कडा उतरायची हौस भागवायची. नसती कटकट हवीय कुणाला?

प्रतिक्षालाही नको होती. ती बँकेत कॅशियर, कामाशी काम ठेवणारी. गेल्या निवडणुकीत तुळशीदासभाऊंचं नाव तिनेच तर सुचवलं होतं! माणूस रुबाबदार, कचेरीत हेडक्लार्क, दाराशी जीप. सगळे हात वर गेले, पेढे वाटले गेले, भाऊ अध्यक्ष झाले.

मग एक दिवस ती त्यांच्या जीपमधून खोडाळ्याच्या बाजारातून परत येत होती. मागे मंडळाच्या दोन्ही दोरांची गोणी होती आणि तिच्याशेजारी भाऊंच्या घरची इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आडवी पडली होती. आतलं अ‍ॅसिड सांडून गोणीत मुरलं होतं. प्रतिक्षाची ओढणी त्याला नुसती लागली, तर घरी पोचेपर्यंत तिला भोकं पडली.

"भाऊ, दोन्ही दोर गेले हो," दोन दिवसांनी ती त्यांना म्हणाली. "नायलॉनला अ‍ॅसिड लागलं की वरून काही दिसत नाही, आतून कुजतं."

"धुवून वाळवलेत मी. नवेकोरे दिसतायत," भाऊ म्हणाले.

चूक झाली एवढं म्हणाले असते, तर विषय तिथेच मिटला असता. पण ठाण्याहून पाहुणे यायचे होते, शिबिराची जाहिरात झाली होती. आणि नव्या अध्यक्षाने पहिल्याच महिन्यात चूक कबूल करायची? छे! जीव गेला तरी चालेल, अर्थात दुसऱ्याचा.

प्रतिक्षाने विषय सभेत काढला. सगळं सांगितलं, भोकं पडलेली ओढणीही दाखवली. भाऊ चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले.

"रीत माहीत आहे ना, प्रतिक्षाताई? शंका तुमची, तपासणीही तुमची. रविवारी दाभोशाच्या धबधब्यावर सराव आहे. पहिल्या तुम्ही उतरा."

खो खो हसले सगळे. हसू थांबल्यावर भाऊंनी आवाज खाली आणला. "आणि एक. पदाधिकाऱ्यांबद्दल जो बाहेर बोलेल, त्याचं सभासदत्व रद्द. मंजूर?"

हात वर झाले. प्रतिक्षाची मैत्रीण चंदना, सरकारी दवाखान्यातली नर्स, तिनेही फरशीकडे बघत हात वर केला.

घरी जाऊन तिने व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं, 'कुणीही त्या दोरांवर उतरू नका.' मेसेज लगेच उडाला आणि पाठोपाठ तीही ग्रुपमधून उडाली. दुसऱ्या दिवशी भाऊंचा उजवा हात, रघु, तिच्या काउंटरवर आला. ना स्लिप, ना पासबुक. काचेशी तोंड आणून हळूच म्हणाला, "रविवारी याच हां, ताई. भाऊ वाट बघतायत." तेव्हापासून रोज संध्याकाळी तिच्या दारासमोर जीप येऊन थांबायची. हॉर्न नाही, हाक नाही. इंजिन घुरघुरत राहायचं आणि थोड्या वेळाने जीप निघून जायची. प्रतिक्षाला जेवण जाईना.

रविवारी ती घरी बसू शकली असती. पण ती गेली नाही तर दुसरं कुणीतरी उतरणारच होतं. ती शेअर जीपने दाभोशाला पोचली.

धबधबा जोरात होता. कड्यावरच्या झाडाला दोन्ही दोर बांधून झाले होते, एक उतरायचा आणि एक सेफ्टीचा. तिला बघून कुणी बूट बांधायला लागलं, कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावली. नमस्कारसुद्धा कुणी केला नाही.

"या! पहिला मान तुमचा," भाऊ म्हणाले आणि त्यांनी कमरेचा पट्टा पुढे केला.

गावातला ढवळू वाटेवरची झुडपं तोडायला आला होता. तो तिच्या कानाशी पुटपुटला, "ताय, नको जाव."

त्याच्या हातातला कोयता तिने घेतला कधी आणि दोरावर घातला कधी, तिचं तिलाच कळलं नाही. एका घावात दोर तुटला. ती दुसऱ्या दोराकडे वळली, तोच रघुने तिचं मनगट पिरगळून कोयता काढून घेतला.

"बघितलंत?" भाऊ म्हणाले. "मंडळाचा चांगला दोर तोडला बाईंनी!"

चांगला! कोयत्याला धारच अशी होती की दोर कुजका होता की धड, हे आता कोण सांगणार? झाडाला उरलेला तुकडाही भाऊंनी सोडला आणि पायाने दरीत लोटून दिला. त्यांचा चेहरा ओझं उतरल्यासारखा मोकळा झाला होता. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दोराला नुसती दगडांची गोणी बांधून दाखवली असती, तरी सगळ्यांचे डोळे उघडले असते. अरे देवा, काय करून बसले मी!

"सेफ्टीचा आहे ना, आज त्यावरच भागवू," भाऊ म्हणाले. "चंदनाताई, चला."

चंदना पुढे आली. पट्टा चढवता चढवता थांबली. "भाऊ, हा पण त्याच गोणीत होता ना?"

"तुमची काही शंका आहे का?" भाऊंनी अगदी मायेने विचारलं.

चंदनाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. जो तो धबधब्याकडे बघत होता. प्रतिक्षाकडे मात्र तिने बघितलं नाही.

"नाही हो. सहज विचारलं."

"चंदे, नको! ऐक माझं, नको उतरूस!" प्रतिक्षा घसा फोडून ओरडली.

"तुम्ही आता सभासद नाही, ताई," रघु म्हणाला. तिचं मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

चंदनाने हूक अडकवला. दरीकडे पाठ केली, एक पाऊल मागे सरकली आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. दोर ताणला गेला.