लहान तोंडाचा मास्क

तोंड झाकणं हा माझा धंदा, पण म्हणून मला तोंडच नाही असं कोणी समजू नका. मी एक मास्क. रबराचा, काचेच्या डोळ्यांचा, हनुवटीखाली कोळशाची डबी असलेला. आज मी बोलणार आहे, आणि जरा मोठ्यानेच बोलणार आहे.

मी राहतो तिथलं आकाश गढूळ आहे आणि वारा आंबट. पृथ्वीवरून इथे राहायला आलेल्या माणसांनीच त्याला आंबट वारा हे नाव दिलं. हा वारा लोखंड चाटतो, रंग खातो, आणि छातीत शिरला तर माणूस पुन्हा उठत नाही. या ग्रहाला माणूस नको आहे, हे उघड आहे. माणसालाही ते कळलंय. तरी तो हलत नाही. माणसांचं मला हेच आवडतं.

माझा जन्म पृथ्वीवरच्या कारखान्यातला. पेटीत आम्ही सगळे मोठ्या माणसांच्या मापाचे. इथे कधी मूल जन्मेल, हे पेटी भरणाऱ्याच्या मनातही आलं नसणार.

माझा पहिला मालक खोदकाम करायचा. त्याला सगळे दाढीभाऊ म्हणत. आता वस्तीची एक रीत सांगतो. बाहेर जाताना आपला पट्टा आपण ओढायचा नाही. दारावर एक मावशी बसते, ती ओढते आणि विचारते, "कोण आत?" मास्क घातलेल्याने उत्तर द्यायचं. आवाज माठातून आल्यासारखा घुमला तर मास्क घट्ट बसलाय. साफ ऐकू आला तर कुठेतरी फट आहे, मागे फिरा.

"कोण आत?"

"मीच, दुसरं कोण असणार!" दाढीभाऊचा आवाज खणखणीत यायचा.

"फिर मागे. ती झुडपं काप आधी."

"मावशी, दाढी गेली तर बायको ओळखायची नाही."

"आणि जीव गेला तर ओळखेल होय?"

मग तो दाढीला ग्रीस चोपडायचा आणि पुन्हा रांगेत यायचा. खूप वर्षं मी त्याला जपलं. म्हातारा होऊन तो पृथ्वीवर परत गेला. माझी कड फाटली होती, मला भंगाराच्या टोपलीत टाकलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. वाईट वाटलं, पण रडायला माझ्याकडे पाणी कुठलं!

त्याच दिवसांत वस्तीत पहिलं मूल जन्माला आलं. मुलगी. तिची आई ठिगळखोलीत काम करायची, फाटलेले पोशाख आणि मास्क चिकटवून द्यायची. बाई भारी काळजीची. पोर शिंकली तरी हिचा जीव खालीवर. रात्रंदिवस मूल कडेवर. ती दमली की शेजारीण घ्यायची, मग स्वयंपाकी, मग मशीनवाला. पहिलंवहिलं मूल ना! ओठ वाकडा व्हायच्या आत कोणीतरी उचलायचंच.

आणि मग वाऱ्याने वस्तीची बाहेरची भिंत खाल्ली. जागोजागी चाळणी झाली. सगळ्यांनी उतार ओलांडून डोंगरात खोदलेल्या नव्या घरांत जायचं ठरलं. मोठ्यांना मास्क होते. बाळाला नव्हता.

मुकादमाने सगळ्यांना बोलावलं. जहाज वस्तीच्या दाराला लागलेलं होतं, पृथ्वीवर परत निघालेलं. त्याच्या भिंतीत बाळाएवढा एक हवाबंद कप्पा होता. मोठ्या माणसाला जागा नव्हती.

"पोरीला जहाजातून पाठवू," तो म्हणाला. "तिकडे तिची आजी आहे, सांभाळेल."

"आणि मी?"

"पुढच्या जहाजाने जा, ताई."

"पुढचं जहाज येईल तेव्हा ती मला काकू म्हणेल!"

"मग काय करू सांग? मलाही हौस नाही. इथे ती मेली तर?"

मुकादमाचंही खोटं नव्हतं. बाई ठिगळखोलीत आली, टोपलीत हात घातला आणि मला वर काढलं. कात्री लागली तेव्हा मी घाबरलो. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर पुन्हा करीन. तू कोळसा चाळ."

मी अर्धा झालो. पण खरं सांगतो, एवढा मोठा मी कधीच नव्हतो.

जहाज सुटायच्या आदल्या सकाळी आम्ही दारावर गेलो. मावशीने पट्टा ओढला. "कोण आत?" पोरीला माझी काच भलतीच आवडली. ती खुदकन हसली. हसू साफ ऐकू आलं. मावशीने मान खाली घातली.

"झालं समाधान?" मुकादम हळूच म्हणाला.

"नाही झालं. थांबा तुम्ही."

मोठ्यांना गालाची हाडं असतात, हिला नुसते गाल. फट तिथेच होती. बाईने तिथल्या तिथे बूट काढला, आतलं मऊ रबर कापून माझ्या कडेला चिकटवलं आणि मला पुन्हा चढवलं. आता पोर गप्प. आवाजच काढेना! आवाजाशिवाय मावशी दार उघडणार नाही, ती रीत मोडायची नाही. मशीनवाला ओरडला, स्वयंपाक्याने पातेलं बडवलं. पोरीला वाटलं, गंमतच चाललीय.

"रड गं माझ्या राणी, रड!" शेजारीण हात जोडून म्हणाली. पण रडणार कशी? आम्ही सगळ्यांनी मिळून तिला रडू दिलंच नव्हतं कधी.

तेव्हा त्या काळजीच्या बाईने पोरीला खाली जमिनीवर ठेवलं. पाठ फिरवली आणि चालू लागली. कोणी उचलायला वाकलं की ती न बघताच म्हणायची, "हात लावू नका." तिचे डोळे गळत होते. ती चालत राहिली.

पोरीने आधी वाट पाहिली. मग असा टाहो फोडला की माझी काच धुरकटली. आणि तो आवाज घुमला! खोल विहिरीतून यावा तसा.

"आहे गं बाई, आत मूल आहे!" मावशी ओरडली आणि तिनेच दार उघडलं. मुकादमाने पोरीचं दुपटं नीट खोचलं आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे चालायला लागला, वारा अडवत.

वारा आला. माझ्या चारी कडा चाचपल्या त्याने. मी म्हटलं, ये, बघ कुठे जागा सापडते का. नाही सापडली त्याला. जहाज तो कप्पा रिकामा घेऊन गेलं.

ती पोर आता उतारावर धावते. तिच्या मापाचे नवे मास्क इथेच बनतात. माझी काच वाळूने पांढरी झालीय, पट्टा दोनदा बदललाय. आणि आता नव्या शाळेत मला काचेच्या चौकटीत टांगायचं म्हणतात, खाली पाटी लावून.

मी चौकटीत जाणार नाही! अहो, परवा स्वयंपाक्याला मुलगा झालाय. त्याचं कपाळ बापासारखंच मोठं, नवा एकही मास्क त्याला बसत नाही. मी मूळचा मोठ्या मापाचा, माझ्यात मावेल ते कपाळ. ते बाळ अजून दाराच्या आतच आहे. मला पाटी नको, फुलं नकोत. काच बदला, कड नवी चिकटवा आणि मला त्याच्या तोंडावर बांधा. बाहेर वारा सुटलाय, आणि मला त्याच्याशी अजून बोलायचंय.